इनुकमधला ऱ्हस्व उकार

आमच्या ह्यांना शाळेत ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, सगळा आनंदीआनंद. मास्तरांनी कान पिळून लाल केले, पट्ट्या मारल्या, शेवटी हात टेकले. आणि गंमत बघा, केस पांढरे झाल्यावर ह्याच माणसाची सगळी भिस्त एका उकारावर आली. माझीही.

हे कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. दारावर. म्हणजे रस्त्याकडच्या फाटकावर नव्हे हं, आतल्या थंड खोल्यांच्या दारावर. माल रचणारी माणसं आत जाताना ह्यांच्याकडून जाड कोट, हातमोजे, कानटोपी घेणार आणि बाहेर आली की परत खुंटीवर लटकवणार. पाळी सुटली की हे एकेक दार उघडायचे, आत तोंड घालून ओरडायचे, "आहे का कुणी?" मग कान देऊन थांबायचे. मग पुन्हा एकदा. तेव्हा कुठे खटका खाली. आता तशी आत धोक्याची घंटा आहे, आतून दार ढकलायचा दांडा आहे, सगळं आहे. पण ह्यांचा त्यावर काडीचा विश्वास नाही. "दांडा गोठतो," म्हणायचे, "बटण अंधारात सापडत नाही. माणसाचा आवाज मात्र सापडतो."

बाहेर उन्हानं डांबर वितळत असायचं, आम्ही पंख्याखाली ओले टॉवेल घेऊन बसलेलो, आणि आमचे हे संध्याकाळी घरी येणार ते शिंकत. शेजारीपाजारी हसायचे.

तिथल्या लोकांनी ह्यांचं नाव पाडलं, एस्किमो. पाडणारा एक मिशीवाला. पेट्या रचायचा तो. मिशी एवढी दांडगी की थंड खोलीत शिरला की आधी ती पांढरी व्हायची, मग बाकीचा माणूस गारठायचा. दुसरा कुणी असता तर चिडला असता. ह्यांना उलट चौकशी सुटली. ज्यांच्या नावानं आपल्याला दिवसभर हाका मारतात ते लोक आहेत तरी कोण? रद्दीवाल्याकडे एक जाडजूड पुस्तक मिळालं, उत्तरेकडच्या बर्फातल्या सफरीचं, आपल्या भाषेत आणलेलं, पुठ्ठा गेलेला, पानं खाकरल्यासारखी वाजणारी. झालं! तिथून जे वेड लागलं ते लागलं. वाचनालयवाल्या बाई ह्यांना लांबून येताना बघूनच म्हणायच्या, "नवीन बर्फ नाही आलेला."

आमच्या दोन खोल्यांत माणसं तीन, हे, मी आणि लेक, आणि अस्वलं मात्र बख्खळ. मी भाजी चिरतेय आणि हे दारात उभे राहून सांगताहेत, जहाज कसं बर्फात अडकलं, फळ्या कशा कुरकुरल्या, खलाशांनी शेवटी बूट कसे उकडून खाल्ले. मी म्हणायची, "अहो, पानात वाढलंय ते गार होतंय. नंतर बूट मागू नका."

पण खरं सांगू? उत्तर टोकावर झेंडा कुणी रोवला ह्यात ह्यांना फारसा रस नव्हता. झेंड्याची पानं आली की हे भराभर उलटायचे. ह्यांचा जीव गुंतायचा तो भेटींमध्ये. जहाजातून उतरलेली लोकरी कपड्यातली उपाशी माणसं आणि समोरून बर्फावरून चालत येणारी तिथलीच माणसं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. कोण आधी हात वर करणार, कोण हातातलं खाली ठेवणार, पहिला शब्द काय निघणार. ते पान ह्यांच्या हाती लागलं की जेवण, अंघोळ, सगळं राहिलं.

त्यातलं एक तर इतक्यांदा ऐकवलंय की मला पाठ आहे. एक प्रवासी वादळात सोबत्यांपासून चुकतो. पांढरं सगळं, हात पुढे केला तरी दिसत नाही. रांगत रांगत एका बर्फाच्या घरापाशी येतो. आत सीलच्या चरबीचा दिवा आहे, भिंतीतून पिवळट उजेड झिरपतोय. त्याला त्या लोकांच्या भाषेतला एकच शब्द येत असतो, तोच ओरडतो. इनुक! म्हणजे माणूस. बाहेर माणूस आहे. आणि आतून एका बाईचा आवाज येतो, एक हात बाहेर येतो आणि त्याला दंडाला धरून आत ओढून घेतो.

ह्यांचे डोळे भरून यायचे इथे. माझं डोकं मात्र भलतीकडेच. मी विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

ह्यांनी पान उलटसुलट करून बघितलं. "नाव दिलेलं नाही."

"का नाही दिलेलं? त्याला आत ओढलं तिनं, त्याचे मोजे वाळवले तिनं, रात्रभर दिवा जागता ठेवला तिनं. आणि ह्या शहाण्यानं कुत्र्यांची नावं दिली आहेत की सगळी!"

ह्यांनी पुस्तक मिटलं. पण ते त्यांच्या मनाला लागलं असावं, कारण त्यानंतर प्रत्येक पुस्तकात हे आधी बायांची नावं शोधायचे. एखादं सापडलं की ऑफिसातून बढती मिळाल्यासारखे येऊन मला सांगायचे.

तर त्याच सुमाराला ह्यांना उमगलं की ते लोक स्वतःला एस्किमो म्हणतच नाहीत. ते दुसऱ्यांनी पाडलेलं नाव. ते स्वतःला म्हणतात इनुइट, म्हणजे माणसं. नुसतं माणसं, बाकी काही शेपूट नाही. हे दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि सगळ्यांना जमवून म्हणाले, "आजपासून मला एस्किमो म्हणायचं नाही. हाक मारायचीच असेल तर इनूक म्हणा." आपल्या कपाटावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा, इनूक. दीर्घ. आता आपल्या जिभेला ते तसंच येणार ना? वसूल, कबूल, तसं इनूक. हट्ट एवढा की कुणी जुन्या नावानं हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. मिशीवाला कंटाळून म्हणाला, "बरं बाबा, इनूक तर इनूक. पण कोट द्या, गारठलो."

असं पुष्कळ दिवस चाललं. मग कधीतरी वाचनालयातून आणखी एक पुस्तक आलं, आणि संध्याकाळी हे घरी आले ते तोंड उतरवून. मला वाटलं, कामावर काही वाजलं.

"मोठी चूक झाली," म्हणाले.

"काय झालं?"

"एकट्या माणसाला इनुक म्हणतात. ऱ्हस्व. दीर्घ म्हटलं की दोन माणसं. त्यांच्याकडे दोघांसाठी वेगळा शब्द आहे. मी इतके दिवस स्वतःला दोन माणसं म्हणवून घेतोय."

मी म्हटलं, "तुमचं जेवण बघता ते बरोबरच आहे."

लेक एवढी हसली की तिला ठसका लागला. पण हे काही हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटावरचा दीर्घ पुसून ऱ्हस्व केला आणि पुन्हा सगळ्यांना जमवलं. मिशीवाला म्हणाला, "काका, आम्ही इथे पेट्या उचलायला येतो, शुद्धलेखनाला नाही!" पण म्हणता म्हणता तेही शिकले. चेष्टेनंच. कुणी एकटा आत जायला निघाला की कोट घेताना म्हणायचा, "एक इनुक चालला." दोघं निघाले की लांबवून, "इनूऽक चालले." आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घात मार खाल्लेला माणूस आता दारावर उभा राहून दुसऱ्यांचे उकार तपासायचा. मला तर वाटतं ह्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावाला गेली. आणि एका दुपारी हे त्या दारापाशीच, हातात कुणाचा तरी कोट धरून, खाली कोसळले.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची वाट तुंबली. मी खाटेपाशी बसून ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलायचे, घशात काहीतरी घरघरायचं, शब्द येत नव्हता. मग एका सकाळी नर्स पाणी पाजायला आली तेव्हा हे स्वच्छ बोलले.

"इनुक."

नर्स मला म्हणाली, "काय मागताहेत?" मी तोंडात पदर कोंबला. हसू की रडू, माझं मलाच कळेना.

आणि त्यानंतर जे काही बोलायचे ते तेच. पाणी हवं, इनुक. नको, इनुक. खिडकी लावा, इनुक. माझं नाव विचारलं तरी इनुक. बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या हॉस्पिटलात, शांत बाई, त्या चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या. कप, चावी, मांजर. हे कपाला इनुक म्हणायचे, चावीला इनुक म्हणायचे आणि मांजर आलं की पत्ता भिरकावून द्यायचे. मॅडम मला समजावून म्हणाल्या, "असं होतं काही जणांना. एखादाच आवाज जिभेवर अडकून राहतो. त्याला अर्थ नसतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"अर्थ नसतो?" माझा पारा चढला. "अहो मॅडम, त्याचा अर्थ माणूस!"

मग सगळं सांगावं लागलं. एस्किमो, रद्दीवाला, वादळ, ऱ्हस्व, दीर्घ. त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. पत्ते पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "मग मांजर राहू दे. हाच शब्द धरू. हळू म्हणायला लावा, जोरात म्हणायला लावा, चढवून, उतरवून. ह्याच्याच पाठीवर बसून दुसरे आले तर येतील." आले नाहीत तर काय, ते त्या बोलल्या नाहीत.

घरी आणल्यावर एक नवंच सुरू झालं. सकाळी कामावर जायची वेळ झाली की हे डाव्या हातानं कानटोपी डोक्यावर ओढायचे, तीही बऱ्याचदा उलटी, आणि खाटेच्या कडेला बसून दाराकडे बघायचे. काय हवंय ते सांगायला शब्द लागत नव्हता. ह्यांना दारावर जायचं होतं.

मॅनेजरसाहेब भेटायला आले, फळं घेऊन. माणूस वाईट नाही. खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता ह्यांना आराम करू दे. नोकरीचं मी बघतो, बसून करण्यासारखं काही निघालं तर. पण दारावर नको. तिथं आवाज द्यावा लागतो. आत कुणी राहिलं आणि दार लागलं तर जबाबदारी माझ्यावर येते." आणि मग ह्यांच्यासमोरच मला विचारलं, "ह्यांना कळतं का हो आपण बोलतो ते?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मॅनेजर गेल्यावरसुद्धा वळले नाहीत. जेवले नाहीत. मला तर वाटलं, संपलं. इतके दिवस ह्यांनी जे धरून ठेवलं होतं ते मॅनेजरच्या एका वाक्यानं सुटलं.

तेव्हा मी पुस्तक काढलं. आयुष्यात मी वर्तमानपत्रातल्या पाककृतींपलीकडे काही वाचलेलं नाही. पण ते पुठ्ठा गेलेलं धूड मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं सुरुवात केली, अडखळत, चुकीच्या ठिकाणी थांबत. भिंतीकडचा माणूस गप्प. झेंड्याचं प्रकरण आलं, मी मुद्दाम सावकाश वाचलं. हालचाल नाही. मग वादळाचं पान आलं. मी कंटाळले होते, घसा सुकला होता, म्हणून मधला एक परिच्छेद गाळून एकदम त्या बाईच्या हातावर आले.

"इनुक!" भिंतीकडून असा काही ओरडा आला की मी पुस्तक टाकलं.

वळले होते. डोळे वटारून, बोटानं पानाकडे दाखवत होते. म्हणजे, मधलं गाळलंस! मी म्हटलं, "अस्सं! म्हणजे ऐकताय तर! आणि मी इथे घसा कोरडा करतेय तरी ढुंकून बघत नाही!" असं भांडले, असं भांडले, आणि भांडता भांडता रडले. मग गाळलेलं सगळं वाचलं.

लेक आली तेव्हा आमचं हे वाचन रोजचंच झालं होतं. बिचारी माझे हाल बघून कळवळली. ह्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. म्हणाली, "आई, मी बाबांना घेऊन जाते काही महिने. तिकडे चांगले डॉक्टर आहेत. तू जरा पाठ टेक." बरोबरच होतं तिचं. मी मनात हो म्हटलंच होतं. ह्यांची बॅगसुद्धा काढली माळ्यावरून.

बॅग बघून हे म्हणाले, "इनूऽक."

लेक म्हणाली, "हो बाबा, जायचंय."

"इनूऽक." मान हलवत होते. "इनूऽक. इनूऽक."

"जिभेला अजून ताबा नाही," लेक हळूच मला म्हणाली, "बघ कसं लांबतंय."

मलाही आधी तसंच वाटलं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मग ह्यांनी डावं बोट आपल्या छातीवर टेकवलं आणि तेच बोट माझ्या कोपरात खुपसलं. दुखलं मला. आणि त्या क्षणी डोक्यात लख्ख झालं. जिभेला चांगला ताबा होता. शाळेत कधी न जमलेला दीर्घ उकार हा माणूस अगदी जागच्या जागी टाकत होता.

"अगं," मी लेकीला म्हटलं, "ते दोघं म्हणताहेत. आम्ही दोघं."

लेकीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं मला कधी एक गोड शब्द म्हटला नव्हता. पांढऱ्या अस्वलांवर तासतास बोलला, पण माझ्यावर कधी नाही. आणि आता जवळ एकच शब्द उरला, तर त्यात मला बसवलं. मी पदरात तोंड घालून ढसाढसा रडले, लाज बाळगली नाही.

मग बॅग परत माळ्यावर टाकली. लेकीला म्हटलं, "तू ये अधूनमधून. पण आम्ही कुठे हलत नाही. ह्यांना दारावर जायचंय, आणि ह्यांना तिथे मी नेणार." लेक म्हणाली, "दोघंही सारखेच हट्टी आहात." खरं होतं.

कंबर कसली. चालणं एकीकडे, काठी घेऊन, भिंत धरून, गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि आवाज दुसरीकडे. मी मागच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायची, हे पुढच्या दारातून हाक मारायचे. ऐकू आली की मी आतून ओ द्यायची. सुरुवातीला आवाज उंबऱ्याच्या आतसुद्धा यायचा नाही. मग यायला लागला तर वेगळीच पंचाईत. ओरडायचं म्हटलं की उकार आपोआप लांबतो, आणि लांबला की दोन माणसं! ह्यांना ते चालेना. इनूऽक झालं की स्वतःवरच चिडून काठी आपटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. आखूड ओरडायला गेलं की खोकल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, "अहो, लांबला तर लांबला! तिथे कोण व्याकरण बघतंय?" माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

वाट सापडली ती मॅडमच्या सांगण्यावरून. त्या म्हणाल्या होत्या ना, चढवून, उतरवून. एकदा ह्यांनी नु तसाच ठेवला आणि त्याच्या आधीचा इ ताणला. "ईऽऽऽनुक!" घर दणाणलं. मी आतून ओ द्यायचं विसरले आणि टाळ्या वाजवल्या.

थंड खोलीत पंख्यांचा आवाज असतो, म्हणून मी मग मिक्सर लावून बसायला लागले, रिकामा. वर नळ सोडलेला. शेजारीणबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या, म्हणाल्या, "कुणी हरवलंय का हो तुमच्याकडे? रोज हाका ऐकू येतात." मी म्हटलं, "हरवलं होतं. सापडत आलंय."

आणि मग एक दिवस ह्यांना धुतलेला शर्ट घातला, कानटोपी सरळ घातली, आणि रिक्षात बसवून घेऊन गेले. पाळी सुटायच्या वेळेला, मुद्दाम. आत शिरलो तशी माणसं धावत आली, कुणी हात धरतंय, कुणी खुर्ची आणतंय. मॅनेजरसाहेबही आले. मी काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात चोळत म्हणाले, "वहिनी, मला आनंदच आहे. पण तुम्ही समजून घ्या. एकच शब्द येतो ह्यांना, आणि तोही..." पुढचं त्यांनी गिळलं.

हे थांबलेच नाहीत ऐकायला. काठी टेकत सरळ शेवटच्या मोठ्या दाराकडे. मी मागे, मॅनेजर माझ्या मागे.

"तिथे कुणी नाही आता," मॅनेजर म्हणाले, "सगळे बाहेर आलेत."

ह्यांनी काठी माझ्या हातात दिली. डाव्या हातानं खटका वर केला, डावा पाय रोवला आणि दार ओढलं. एवढं जाड दार, ह्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मी पुढे झाले तर कोपरानं मला मागे सारलं. आतून पांढरं धुकं पायांवर आलं. दिवे मालवलेले, पंखे घोंघावताहेत, पेट्यांचे डोंगर काळे दिसताहेत. ह्यांनी आत तोंड घातलं.

"ईऽऽऽनुक?"

काही नाही. पंखे तेवढे. ह्यांनी कान दिला. मॅनेजरनं घसा खाकरला, ह्यांनी वळूनही बघितलं नाही. पुन्हा छाती भरून घेतली. मी देवाचं नाव घेत नव्हते, मी मनातल्या मनात ऱ्हस्व, ऱ्हस्व म्हणत होते.

"ईऽऽऽनुक!"

आणि अगदी आतून, पेट्यांच्या मागून, ओ आली. "आहे! आहे! दार लावू नका!"

पावलं वाजली, काहीतरी सरकलं, आणि धुक्यातून मिशीवाला बाहेर आला. मिशी पांढरीफटक, पापण्या पांढऱ्या. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. "तू आत काय करतोयस? सगळे बाहेर आलेत म्हणून सांगितलं होतं ना मला?"

"एक पेटी तिरकी लागली होती, साहेब," मिशीवाला म्हणाला. मग ह्यांच्याकडे बघून हसला. "ऱ्हस्वच म्हणालात ना काका? बरोबर. एकटाच आहे मी."

आता तो खरोखर मागे राहिला होता की आम्हाला फाटकातून येताना बघून मुद्दाम आत शिरला होता, हे त्याचं त्याला ठाऊक. मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ह्यांनी त्याला दंडाला धरलं आणि बाहेर ओढलं. इतकं घट्ट धरलं होतं की त्याचा कोट चुरगळला. तो मिशीवाला, पेट्या उचलून हात दगड झालेला माणूस, पण त्यानं दंड सोडवून घेतला नाही.

मॅनेजरनं रुमालानं कपाळ पुसलं, त्या गारठ्यात. म्हणाले, "बरं, हे बघा, उद्यापासून तुम्ही..."

ह्यांनी डावा हात वर करून त्यांना गप्प केलं. काम अर्धंच झालं होतं. बाहेर एकजण आला म्हणजे आत दुसरा नाही असं होत नाही. ह्यांनी पुन्हा आत तोंड घातलं, पुन्हा तीच हाक दिली, कान देऊन उभे राहिले. आम्ही सगळे श्वास रोखून ह्यांच्याबरोबर ऐकत होतो. आतून पंख्यांचा तेवढा आवाज.

मग ह्यांनी दार लावलं.